नऊवारीचे चार तुकडे

माझ्या गोधडीच्या क्लासला पहिल्या दिवशी सुई आणायची नसते. आणायची ती घरातली जुनी सुती कापडं, आणि निम्म्या बायका तिथंच अडतात. फोनवर "हो ताई, ढीग पडलाय कपाटात" असं म्हणालेल्या असतात. मग पिशवीतून निघतात लेगिंग्ज, जॉर्जेटच्या ओढण्या, लग्नात आलेल्या आणि कधीच न नेसलेल्या साड्या, नवऱ्याचे 'कॉटनचे' शर्ट. शर्टाच्या आतल्या पट्टीवर बारीक अक्षरात खरं काय ते छापलेलं असतं, पण ते कोण वाचतंय! म्हणून मी काडेपेटी काढते.

एक धागा ओढायचा, चिमट्यात धरायचा आणि पेटवायचा. सुती असेल तर सरळ ज्योत धरतो, जळक्या कागदाचा वास येतो, मागे मऊ राख राहते. पॉलिस्टर आधी आक्रसतं, मग वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी उरतो. मिश्र कापडाची राख होते, पण बोटांनी चोळली तर आत खडा लागतो. मागे एकीनं सासूबाईंनी 'प्युअर कॉटन' म्हणून जपून ठेवलेली साडी आणली होती. मणी असा टपोरा आला की सगळ्या हसल्या. तिनं मात्र फोटो काढून तिथल्या तिथं सासूबाईंना पाठवला. घरी पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

सुतीसाठी एवढा आटापिटा करायचा, कारण गोधडीत सुई एका वेळी सहा-आठ थरांतून जायची असते. पॉलिस्टरचे थर एकमेकांवरून घसरतात. चार ओळी घालेपर्यंत खालचं कापड कुठल्या कुठं सरकलेलं असतं. शिवाय ते घाम टिपत नाही आणि थंडीत अंगावर घेतलं की पहिला गारवा त्याचाच लागतो. मग नवं सुती का नको? त्यात खळ असते. ते आटतं, रंग सोडतं आणि सुईशी भांडतं. जुनेराचं जे आटायचं ते आटून झालेलं असतं, जायचा तो रंगही गेलेला असतो. शेकडो वेळा धुतलेल्या कापडात सुई नुसती टेकवली तरी आत जाते.

पुण्यात माझे दिवसाचे दोन वर्ग असतात. सकाळी मशीनवरचं पॅचवर्क, दुपारी हातावरची गोधडी. सकाळच्या बॅचवर घर चालतं. तिथं रोटरी कटर, हिरवी कटिंग मॅट, पारदर्शक पट्ट्या असा सगळा सरंजाम, आणि सगळं जग पाव इंचावर उभं. पाव इंच म्हणजे आपल्या शिंप्यांच्या भाषेत दोन सूत. तुकड्याला तुकडा जोडताना एवढीच शिलाई आत दाबायची. दर शिलाईला अर्धं सूत जास्त दाबलं तर दोन्ही तुकड्यांचं मिळून एक सूत जातं, आणि आठ शिलायांत पुरा एक इंच गायब होतो. मग ओळीला ओळ जुळत नाही, आणि बायका मशीनला दोष देतात. सकाळच्या वर्गात आयटीतल्या पुष्कळ मुली असतात. हा हिशोब त्यांना चटकन कळतो, आवडतोही. रजईचे थर तीन: वर तुकड्यांचं जोडकाम, मध्ये बॅटिंग म्हणजे ऊबेसाठीचं भरण, खाली अस्तर. आधी जोडायचं, मग तिन्ही थर टाचायचे, मग त्यांवरून शिवण घालायची.

दुपारच्या वर्गात पट्टी नसते. तिथं चार बोटं, वीत आणि हात. बॅटिंगही नसतं, कापडावर कापड असतं आणि तीच ऊब. मी हे माझ्या आत्याकडून शिकले. तिनं कधी काही शिकवलं नाही. मला शेजारी बसवून सुयांत दोरे ओवायला लावायची, एवढंच. तिच्या लांबच लांब दोऱ्याला गाठ पडली की बोलणी मला बसायची. आजही "गोधडीचा क्लास? त्यात काय शिकवायचं असतं?" असं कुणी विचारलं की मला आत्या आठवते. तिनंही हेच विचारलं असतं.

तिच्याकडूनच कळलेला एक हिशोब मी दर बॅचला फळ्यावर लिहिते. नऊ वार म्हणजे २७ फूट. लुगड्याचे चार सारखे तुकडे केले की एकेक सव्वादोन वाराचा, पावणेसात फुटांचा होतो. कडा आत मुडपल्या तरी उंच माणसाला डोक्यापासून पायापर्यंत पुरून उरतो. एका लुगड्यात चार थर आणि वाया काही नाही. काठ आधीच कापून घेतलेले असतात. लुगडं विरतं ते मधे, बसायच्या जागी, काठ शाबूत राहतात आणि तेच पुढं गोधडीच्या कडेला लागतात. सहावारीचे तीन तुकडे होतात, सहा-सहा फुटांचे. मुडपून त्यातलेही दोन-चार इंच जातात आणि घरातल्या सगळ्यात उंच माणसाचे पाय रात्रभर उघडे पडतात. घरात साडीची लांबी कमी झाली तशी गोधडीचीही झाली, हे मापं घेत फिरल्यावर माझ्या ध्यानात आलं. पाठ्यपुस्तकात असलं काही कुणी लिहिणार नाही म्हणून इथं लिहिते.

शिकवण्याइतकाच माझा वेळ दुरुस्तीत जातो. खरं सांगायचं तर मला ते काम जास्त आवडतं, कारण त्यात उसवायला मिळतं.

माण तालुक्यातल्या एका घरातली वाकळ, म्हणजे जाड गोधडी, अशीच माझ्याकडे आली. आणणारे गृहस्थ साठीच्या पुढचे, निवृत्त शिक्षक. म्हणाले, "वरचं कापड गेलंय, तेवढं बदलून द्या मॅडम." उचलली तर भलतीच जड. गावाकडे जुनी वाकळ टाकत नाहीत. ती विरली की तिच्यावरखाली नवं कापड घालून पुन्हा दोर, म्हणजे धावदोऱ्याच्या ओळी, घालतात. जुनी नवीच्या पोटात जाते. हिच्या पोटात किती होत्या ते बघायचं म्हणून मी त्यांच्या परवानगीनं एक कोपरा उसवला.

सगळ्यात वर फुलाफुलांची पॉलिस्टरची साडी, हल्लीचीच. तिच्याखाली टेरिकॉटच्या पँटीचे तुकडे, कडक, गुडघ्यावरची चकाकी तशीच. त्याखाली रेघांचा एक शर्ट, खिशासकट शिवून टाकलेला. खिशाच्या तळाशी तंबाखूचा चुरा आणि चुन्याचा पांढरा डाग. त्याच्याखाली मात्र एकदम मऊ पांढरं धोतर लागलं, सायीच्या रंगाचं झालेलं. त्याच्या टोकाला गिरणीचा निळा शिक्का होता. 'मुंबई' एवढं वाचता आलं, बाकीचं धुण्यात गेलं होतं. आणि सगळ्यात आत इरकल. उजेड न लागल्यामुळे त्याच्या टोपपदराचा तांबडा अजून ताजा होता.

गृहस्थ चष्मा काढून, वाकून बघत होते. त्यांचे वडील परळला गिरणीत होते. वर्षाकाठी घरी येताना धोतरजोड्या, मांजरपाट, चादरी घेऊन यायचे. माण-खटावातल्या कितीतरी घरांची हीच कथा. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, वडील गावी परतले ते कायमचे. "त्यानंतर शिक्क्याचं कापड घरात आलं नाही," ते म्हणाले. वाकळही तेच सांगत होती. धोतराच्या वर सुती जवळजवळ नव्हतंच. भिवंडी-इचलकरंजीच्या मागांवरचं स्वस्त मिश्र कापड आणि टेरिकॉट, जे परवडलं आणि टिकलं ते.

मला मात्र टाक्यांत जास्त गोडी. आतल्या थरांत दोन हात दिसले. एक आखूड, एकसारखा. ओळी जवळजवळ, बोटाच्या पेराएवढ्या. दुसरा लांब टाक्यांचा, घाईचा, ओळ मध्येच वर चढलेली आणि पुन्हा वाटेवर आलेली. मी विचारलं तर म्हणाले, "बारीक आमच्या आज्जीचा. हा दुसरा चुलतीचा; तिला पाच पोरं होती, तिला कुठला वेळ!" मी सुचवलं, कडक टेरिकॉट काढून टाकू, हलकी होईल, अंगावर नीट बसेल. त्यांनी वाकळीवर हात ठेवला. "आतलं काही काढू नका. जड आहे म्हणून तर झोप लागते." मग काय, वर जुन्या चादरीचं कापड घातलं आणि सगळ्या थरांतून दोर घालताना अंगुस्तान असूनही बोट सुजवून घेतलं.

फिरणं आता माझ्या कामाचाच भाग झालंय. पिशवीत सुया, दोऱ्याची रिळं, नमुन्याच्या छोट्या गोधड्या आणि मॅट. मॅट उन्हात ठेवायची नसते, ती वाकते आणि पुन्हा सरळ होत नाही. एकदा एसटीच्या खिडकीशी ठेवलेली मॅट सोलापूर येईतो पापडासारखी झाली होती. तेव्हापासून ती सीटखाली जाते आणि कंडक्टर "बाई, यात काय आहे?" म्हणून विचारतो.

अंबाजोगाईला वर्ग होता तेव्हा बायकांनीच आधी दासोपंतांचा विषय काढला. सोळाव्या-सतराव्या शतकातले हे संतकवी. त्यांनी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर, पासोडीवर, ओव्या लिहिल्या आणि ती पासोडी गावात जपून ठेवली आहे. अंगावर घ्यायचं जाडंभरडं कापड आणि त्यावर पंचीकरणासारखा, पंचमहाभूतांच्या तत्त्वज्ञानाचा जड विषय. वर्गातल्या एक आजी म्हणाल्या, "कागद महाग असंल तवा." मला हे कारण पुरेसं वाटलं.

कोल्हापूरकडच्या एका गावात मी चुकीच्या वेळी गेले. तारीख ठरवणाऱ्यानं पंचांग बघितलं नव्हतं. घटस्थापना तोंडावर आलेली आणि घराघरात दसरा काढायचं काम जोरात. म्हणजे भांडी घासून माळ्यावर, भिंती झाडून सारवून, आणि घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं नदीवर. हॉलमध्ये सतरंजी घालून मी एकटीच. शेवटी कार्यक्रम ठेवणाऱ्या ताईच म्हणाल्या, "मॅडम, चला घाटावरच."

भिजलेली वाकळ एकीला उचलत नाही. दोघी दोन टोकं धरतात, एक डावीकडे पीळ देते, दुसरी उजवीकडे, आणि मधून पाण्याची धार पडते. त्याआधी ती दगडावर आपटली जाते, पायांनी तुडवली जाते. मी कौतुकानं माझा नमुना दाखवला, दोन ओळींत तीन बोटं अंतर ठेवलेला, दिसायला छान मोकळा. एका मावशीनं तो हातात घेतला, दोन ओळींमधल्या कापडात अंगठा खुपसला आणि ताणला. "बाई, दोर लांब पडल्याती. दोन दसरं न्हाई निघायची ही." मागच्या पोरीनं लगेच भर घातली, "भिंतीवर लावायची असंल गं, शहरातली हाय." मी तेव्हापासून वर्गात अंतराचा मुद्दा काढताना सौंदर्याबद्दल बोलत नाही. दोन ओळींतलं अंतर ठरवतो तो धुण्याचा दगड. ओळी जवळ असल्या की आतलं कापड गोळा होत नाही आणि एक दोरा तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो. विद्यार्थिनी म्हणतात, आमच्या घरी वॉशिंग मशीन आहे. त्यांच्या मशीनला भिजलेल्या वाकळीचं वजन झेपेल का, हे मी त्यांनाच विचारते.

यल्लापूरला जाऊन सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, बघायचं कितीतरी वर्षं मनात होतं. उत्तर कन्नड जिल्ह्यातला हा डोंगराळ, जंगलाचा तालुका, हल्याळ-मुंडगोडला लागून. इथल्या सिद्दी लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले. पोर्तुगीजांच्या गोव्यातून गुलामीतून सुटून त्यांतले पुष्कळ जण घाटावरच्या या रानात येऊन राहिले. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. कर्नाटकात त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये. घरात बोलतात ती कोकणीच्या वळणाची बोली, तीत कानडी-मराठी मिसळलेली. निम्मं मला दुभाष्याशिवाय कळलं, उरलेलं हातांकडे बघून.

आणि हात बघण्यासारखेच होते. बाईनं जुनी साडी ओसरीवर अंथरली. आखणी नाही, टाचण नाही, टाचण्या नाहीत. कोपऱ्यावर एक तुकडा ठेवला, कड बोटानं आत दुमडली आणि धावदोरा सुरू. तुकडा संपत आला की त्याच्या पोटाखाली दुसरा सरकवायचा, कधी लाल, कधी चौकडा, हाताला लागेल तो. अशी कडेकडेनं चारी बाजूंना फेरी, मग तिच्या आत दुसरी, मग तिसरी, मध्याकडे. आपण ज्याला जोडकाम म्हणतो आणि ज्याला दोर घालणं म्हणतो, ती दोन्ही कामं एकाच टाक्यात होतात. पुण्यात सकाळच्या वर्गात ज्याला मी तीन टप्पे म्हणून शिकवते, तो इथं एकच टप्पा. चारी कोपऱ्यांना शेवटी घडी घालून त्रिकोणी केलेले छोटे तुकडे एकावर एक बसवतात, त्यांना फुला म्हणतात. फुलांशिवाय कवंदी नागडी, असं त्या मानतात.

परत आल्यावर मी हे वर्गात करून बघायला लावलं. ज्या मुली लॉग केबिनचा, मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या जोडत जायचा नमुना न चुकता जोडतात, त्या पहिल्याच कोपऱ्यावर थांबल्या. "ताई, पुढचा तुकडा कुठला घ्यायचा?" मी म्हटलं, हाताला येईल तो. "पण शेवटी कसं दिसेल?" ते आधी कळत नाही, यातच तर ही शिवण शिकवायला सगळ्यांत अवघड आहे. माझं स्पष्ट मत आहे की परदेशी पुस्तकांतले बहुतेक अवघड नमुने यापेक्षा सोपे आहेत. तिथं उत्तर आधीच छापलेलं असतं.

परदेश म्हणाल तर अमेरिकेत नेब्रास्कातल्या लिंकनला गेले, भाची तिकडे राहते म्हणून जमलं. तिथं विद्यापीठाचं रजयांचं मोठं संग्रहालय आहे. एका जोडप्यानं साडेनऊशेच्या आसपास रजया दिल्या त्यातून १९९७ मध्ये ते उभं राहिलं. सिंध-राजस्थानकडच्या रल्ल्या, म्हणजे तिकडच्या गोधड्याही त्यांच्याकडे आहेत. हातमोजे घातलेल्या मुलीनं एक रजई दोन्ही तळहातांवर तोलून उलगडली तेव्हा मला घाटावरची मावशी आणि तिचा अंगठा आठवला. तिथल्या हातानं शिवणाऱ्या बायका इंचाला दहा-बारा टाके घालतात आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान आहे. आपले चार-पाच. त्यांच्याकडे १९३०च्या मंदीत पिठाच्या आणि पशुखाद्याच्या पोत्यांच्या कापडातून रजया झाल्या. बायका पोती शिवणात वापरतात हे ध्यानात आल्यावर कंपन्यांनी पोत्यांवर फुलं छापायला सुरुवात केली. आपल्या खताच्या कारखान्यांना असलं काही सुचलं नाही, आणि गोण्याही प्लास्टिकच्या.

आता पैशाचं. जी बाई पाचशे रुपयांच्या पिझ्झ्याला हूं की चूं करत नाही, ती गोधडीची किंमत ऐकून म्हणते, "जुन्याच कापडाची ना?" तिच्यासाठी मी हिशोब करून ठेवलाय. लुगड्याचा पन्हा ४५ इंच धरा, लांबी ८१ इंच. इंचा-इंचाला एक दोर घातला तर ४५ ओळी, एकूण ३,६४५ इंच, म्हणजे सुमारे ९२ मीटर शिवण. इंचाला चार टाके धरले तर साडेचौदा हजारांवर टाके, प्रत्येक सात-आठ थरांतून. हा कागद मी पुढं करते. काही जणी वाचतात आणि पैसे देतात. काही वाचतात आणि मशीनवरची स्वस्त मिळेल का, विचारतात. मिळते की. सकाळच्या वर्गातल्या मुली शिवतात छान, मी त्यांचा नंबर देऊन टाकते.

खरा प्रश्न कापडाचा आहे. नऊवारी नेसणाऱ्या आज्या गेल्या, आणि त्यांची लुगडी बहुतेक घरांनी त्यांच्या पाठोपाठ देऊन टाकली. चादरी, लुंग्या, पंचे, जुने पडदे, इस्पितळातून बाद झालेल्या पांढऱ्या चादरी, जिथून सुती मिळेल तिथून मी जमवते. सोलापुरी चादर चालत नाही. तिच्यातून सुई नेणं म्हणजे शिक्षा. सगळ्यात मोठा साठा मिळाला तो आमच्या पेठेतल्या एका गुरुजींकडे. श्राद्ध-पक्षाला, मुंजीला, वास्तुशांतीला दानात आलेली धोतरं आणि उपरणी त्यांच्या माळ्यावर गाठोड्यांनी पडलेली. एवढी नेसणार कोण? पितृपक्ष संपला की त्यांचा फोन येतो, "या, यंदाची न्यायला." बदल्यात त्यांच्या नातवंडांना दुपटी.

कोरी धोतरं खळीनं ताठ असतात, चार-पाच पाण्यांतून काढल्याशिवाय त्यांना हात लावता येत नाही. यंदा गाठोडं सोडलं तर निम्मी धोतरं हाताला गुळगुळीत लागली. मी बाजूला काढली तसे गुरुजी म्हणाले, "हल्ली लोक हीच आणतात. पितरांची तक्रार नाही, तुमचीच आहे." मी सुती तेवढी मोजून घेतली. बाकीची त्यांनी पुन्हा गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकली, पुढं कुणाला तरी द्यायला.